हाड दुखतंय, पाळी थांबली आहे आणि नॅशनल तोंडावर आलंय

पत्राचा सारांश

पत्र पाठवणारी तरुणी 24 वर्षांची आहे. घर दिंडोरी तालुक्यात, सरावासाठी नाशिकमध्ये खोली घेऊन राहते. शाळेत असताना पोहायची, पुढे ट्रायथलॉनकडे (पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत) वळली. राज्य स्पर्धेत पदकं आहेत आणि नॅशनलला पहिल्या दहात आलेली आहे. वडिलांची द्राक्षबाग. तिच्या कार्बनच्या सायकलसाठी त्यांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि त्यानंतरचा हंगाम अवकाळीने नेला. सध्या तिच्या उजव्या नडगीच्या हाडात स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या भाराने गेलेली बारीक चीर, आहे. डॉक्टरांनी आठ आठवडे धावायचं नाही असं सांगितलंय आणि नॅशनल दहा आठवड्यांवर आहे. कोच म्हणतात, "दोन आठवडे थांब, मग बघू. आणि दोन किलो उतरव, पायावरचा भार कमी होईल." आईने गंगापूर रोडवरच्या एका शाळेत पीटी आणि पोहणं शिकवायच्या नोकरीचं बोलून ठेवलंय.

तिने सगळा दिनक्रम लिहून पाठवला आहे. पहाटे साडेपाचला तलाव, त्याआधी फक्त कोरा चहा. नऊला वाटीभर पोहे. दुपारी पोळी-भाजी-वरण. संध्याकाळी सायकल किंवा धावणं. रात्री भात बंद, त्याऐवजी सूप आणि काकडी-टोमॅटो. सोमवार आणि संकष्टीचा उपवास. तिचे प्रश्न असे: "गोळी घेऊन, पट्टी बांधून धावू का? की सगळं सोडून नोकरी धरू? बाबांचे पैसे वाया गेले असं मला होऊ द्यायचं नाहीये. सराव नसतो त्या दिवशी घरच्यांना तोंड दाखवावंसं वाटत नाही. स्पर्धा नसली की मी कोणीच नसते." शेवटी एक ओळ: "आठ महिने पाळी आलेली नाही, पण आमच्यात बहुतेकींचं असंच असतं, त्यामुळे त्याचं विशेष काही नाही."

उत्तर

तुझ्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते, कारण पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. तिला तू "विशेष काही नाही" म्हटलंस याचं मला वाईट वाटलं. तुझ्यावर रागावले नाही. आपल्याकडे मैदानावरच्या मुलींना हेच सांगितलं जातं आणि त्याही एकमेकींना हेच सांगतात. पाळी गेली म्हणजे सराव चांगला चाललाय, उलट कटकट मिटली, असं म्हणणाऱ्या मुली मला भेटल्या आहेत. बऱ्याच जणींचं होतं हे खरं आहे. पण बऱ्याच जणींना होणारा आजार हा आजारच असतो.

तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरकडे जायचं, हा साधा नियम आहे. तुझे आठ झालेत. आणि त्याच काळात, पडली-धडपडली नसताना, तुझ्या नडगीच्या हाडाला चीर गेली. या दोन गोष्टी तू पत्रात दोन टोकांना लिहिल्यास. मला त्या एकाच गोष्टीचे दोन भाग वाटतात. शरीराला व्यायामात जितकी ऊर्जा खर्च करावी लागते आणि त्याला जितकं खायला मिळतं, यांचा मेळ बसेना की ते जगण्यासाठी लगेच न लागणारी कामं बंद करत जातं. पाळी त्यातली पहिल्या काहींपैकी. पाळी थांबते तेव्हा इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घटलेलं असतं, आणि हाडांची झीज आटोक्यात ठेवण्यात इस्ट्रोजेनचा मोठा वाटा आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी 2014 मध्ये या अवस्थेला 'रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट', थोडक्यात 'रेड-एस', असं नाव दिलं आणि 2023 मध्ये त्यावरचं निवेदन नव्याने मांडलं. मुलग्यांनाही हे होतं. त्यांना पाळीसारखी उघड खूण नसते, म्हणून ते आणखी उशिरा कळतं.

तुझ्या दिनक्रमाचा मी कच्चा हिशेब मांडला. वजन 50 किलो लिहिलंयस. त्यातली चरबी वजा केली तर साधारण 40 किलो उरतं. व्यायामाचा खर्च वजा जाता या प्रत्येक किलोमागे दिवसाला 45 कॅलरींच्या आसपास उरल्या तर शरीराची कामं नीट चालतात. 30 च्या खाली बराच काळ राहिलं की बिघाड सुरू व्हायची भीती असते. ही रेघ सगळ्यांना सारखी लागू पडत नाही, पण अंदाजासाठी उपयोगी आहे. तुझं दिवसाचं खाणं, दूध आणि अधलंमधलं धरून, जेमतेम 2000 कॅलरी भरतं. सरावात 1200 तरी जातात. उरल्या 800, म्हणजे किलोमागे 20. आपण खाल्लेलं लिहिताना थोडं कमीच लिहितो हे गृहीत धरलं तरी तू रेघेच्या बरीच खाली आहेस. आणि यात उपवासाचे दिवस मी धरलेलेच नाहीत.

तुला रोज 3000 च्या आसपास लागतात. हजाराचा हा फरक ऐकायला डोंगराएवढा वाटतो, पण ताटात बघ: तलावावर जाण्याआधी एक केळं, पोहून आल्यावर पोह्यांबरोबर ग्लासभर दूध आणि आणखी एक केळं, दुपारी शेंगदाण्याचे दोन लाडू, आणि रात्री बंद केलेला वरणभात वर तूप घालून परत. एवढंच. महागडे डबे नकोत की परदेशी पावडरी नकोत. दिंडोरीच्या मुलीला बेदाण्यांचं महत्त्व मी काय सांगू! मोठी मूठभर बेदाणे आणि एक केळं यातून पन्नास-पंचावन्न ग्रॅम कर्बोदकं मिळतात. लांबच्या राइडला ताशी 60 ग्रॅमपासून पुढे घ्यायला सांगतात, म्हणजे जर्सीच्या मागच्या खिशात घरचेच बेदाणे टाकलेस तर निम्म्याहून जास्त प्रश्न सुटला. रिकाम्या पोटी पहाटे दोन-दोन तास पोहणं मात्र आजपासून बंद.

उपवास सोड असं मी म्हणणार नाही. श्रद्धा तुझी आहे. श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी घालणाऱ्या मुलखात आपण राहतो. पण उपवास आणि मोठा सराव एका दिवशी नकोत. सोमवार विश्रांतीचा दिवस ठेव, आणि त्या दिवशी चहावर राहू नकोस. रताळी, राजगिऱ्याचे लाडू, साबुदाण्याची खिचडी, भगर-आमटी, दही हे सगळं उपवासाला चालतं आणि त्यात भरपूर ऊर्जा आहे. संकष्टी कुठल्याही वारी येते. ती मोठ्या राइडच्या दिवशी आली तर सराव दुसऱ्या दिवशी ढकल.

आता डॉक्टर. हाडाचे डॉक्टर झाले, पुढची पायरी स्त्रीरोगतज्ज्ञ. जमलं तर क्रीडावैद्यकातलं कोणी. नाशिकमध्ये नाही मिळालं तर पुणे-मुंबईला एकदा जाऊन ये, पुढचं फोनवरही होतं. तिथे पहिल्याच वाक्यात सांग: "मी ट्रायथलॉन करते, आठवड्याला इतके तास सराव आहे, आठ महिने पाळी नाही आणि आता स्ट्रेस फ्रॅक्चर झालंय." हे एका दमात सांगितलं नाहीस तर दोन गोष्टी वेगवेगळ्या खोल्यांमध्ये तपासल्या जातील. आधी प्रेग्नन्सी टेस्ट सांगतील. लग्न न झालेल्या मुलीला ते टोचतं, पण तो तपासणीचा नेहमीचा क्रम आहे, मनाला लावून घेऊ नकोस. मग हार्मोनच्या चाचण्या (थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एफएसएच-एलएच, इस्ट्रॅडिऑल), शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन, ड जीवनसत्त्व, सोनोग्राफी. आणि हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन मागून घे.

दोन ठिकाणी सावध राहा. पाळी चुकते म्हटलं की पीसीओडीचा (बीजांडकोश आणि हार्मोनशी संबंधित तक्रार) शिक्का पटकन बसतो आणि "वजन कमी करा, व्यायाम वाढवा" असं सांगून पाठवतात. ते निदान असूही शकतं, तपासण्याच ते सांगतील. पण तुझ्या बाबतीत ते चुकीचं निघालं तर तो सल्ला नेमका उलटा पडेल. दुसरं, पाळी आणण्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या दिल्या जातात. त्यांनी दर महिन्याला रक्तस्राव होतो आणि सगळं ठीक झालं असं वाटतं. तो गोळी थांबवल्यामुळे होणारा रक्तस्राव असतो, तुझी स्वतःची पाळी नसते, आणि हाडांचा प्रश्न त्याने सुटत नाही. डॉक्टरांना हे तोंडावर विचार. आणि कोणी "लग्न झालं की सगळं सुरळीत होईल" असं म्हणालं, मग ते डॉक्टर असोत की मावशी, तर तिथून उठ आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जा.

आणखी एक गोष्ट, जी घरचे आणि गल्लीतल्या दवाखान्यातले डॉक्टर दोघांनाही माहीत नसते. अशक्तपणा आला की आपल्याकडे सलाईन लावायची पद्धत आहे. डोपिंगच्या नियमांनुसार 12 तासांत 100 मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणं खेळाडूला मनाई आहे. रुग्णालयातले रीतसर उपचार, शस्त्रक्रिया किंवा रोगनिदानाच्या तपासण्या याला अपवाद. हा नियम स्पर्धा नसतानाही लागू असतो आणि चाचणीही केव्हाही होऊ शकते. त्यामुळे प्रत्येक गोळी-इंजेक्शनआधी सांग की तू चाचणी होणारी खेळाडू आहेस. औषधांची नावं तपासायला 'नाडा'चं, म्हणजे डोपिंग रोखणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं, अॅप आहे, ते वापर.

कोचच्या "दोन किलो उतरव" बद्दल मला स्पष्ट बोलायचंय. ते तुझं वाईट चिंतत नसतील. पण चिरलेल्या हाडाला भरून यायला ऊर्जा लागते, आणि अशा वेळी खाणं कमी करणं म्हणजे दुखापत लांबवणं. हलकं शरीर म्हणजे वेगवान शरीर हे तू धरून चालली आहेस. काही मर्यादेपर्यंत चढावर ते खरं असेल. पण ट्रायथलॉन म्हणजे 1.5 किलोमीटर पोहणं, 40 किलोमीटर सायकल आणि 10 किलोमीटर धावणं. त्यात पाण्यातली ताकद लागते, वाऱ्याविरुद्ध घोळक्याबरोबर टिकायची ताकद लागते, आणि शेवटच्या पाच किलोमीटरला पोटात काहीतरी शिल्लक लागतं. तुझ्या मागच्या दीड वर्षाच्या वेळा तूच पाठवल्या आहेस. वजन उतरत गेलं तसा धावण्याचा वेळ आधी थोडा सुधारला, मग तिथेच अडकला आणि शेवटच्या दोन स्पर्धांत मागे गेला. कोचसमोर हा कागद ठेव.

नॅशनलचं उत्तर एका वाक्यात देते: या वेळी जायचं नाही. आठ आठवडे हाड भरण्यात गेले की उरतात दोन. दोन आठवड्यांत शून्यापासून दहा किलोमीटरच्या शर्यतीपर्यंत कोणाचाही पाय पोचत नाही, आणि कमकुवत हाडाचा तर नाहीच. वेदनाशामक गोळी घेऊन धावलीस तर दुखणं दबेल, चीर तशीच राहील. ती पूर्ण तुटली तर मग हंगाम सोड, वर्ष जाईल. डॉक्टरांना एवढं विचार की चीर नडगीच्या आतल्या-मागच्या कडेला आहे की पुढच्या. मागच्या कडेची साधारणपणे नीट भरून येते. पुढच्या कडेची हट्टी असते, कधीकधी शस्त्रक्रियेपर्यंत जाते. पुढची असेल तर आठ आठवड्यांचा आकडाही विसर.

मधल्या काळात काय करता येईल, हे खरं तर तुझ्या खेळाचं सुख आहे. मॅरेथॉन धावणाऱ्या मुलीचा पाय मोडला की तिच्याकडे काही उरत नाही, तुझ्याकडे दोन खेळ शिल्लक आहेत. दोन पायांच्या मध्ये पुल बॉय (पाय तरंगते ठेवणारा फोमचा ठोकळा) घेऊन पोहता येईल, फक्त वळताना भिंतीला जोरात लाथ मारायची नाही. खोल पाण्यात पट्टा बांधून धावण्याचा सराव करता येतो. डॉक्टरांनी हो म्हटलं तर घरी ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) सायकल, तसंही सिंहस्थाच्या कामांच्या ट्रकांमधून त्र्यंबक रोडला जाण्यापेक्षा ते बरं. पण एक अट: धावण्याचे जे तास मोकळे झाले ते सगळे पोहणं-सायकलने भरून काढायचे नाहीत. तुझा स्वभाव पत्रावरून जेवढा कळतो, तू तेच करशील. पहिले दोन-तीन आठवडे एकूण सराव निम्म्यावर आण. खाणं निम्म्यावर आणू नकोस. पुढे चालताना अजिबात दुखेनासं झालं, दाबूनही दुखेनासं झालं, डॉक्टरांनी परवानगी दिली, की मगच सपाट मातीच्या ट्रॅकवर एक मिनिट धाव, एक मिनिट चाल, तेही एक दिवसाआड.

आता बाबा. तुझ्या पत्रात बाबांच्या पैशांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. मी मुद्दाम शोधलं, त्यात बाबांनी काही म्हटल्याचं एकही वाक्य नाही. "त्यांना वाटत असेल", "ते बोलत नाहीत पण" अशीच सगळी वाक्यं आहेत. ते बोलत नाहीत याचा अर्थ तू लावला आहेस आणि त्या अर्थापायी मोडलेल्या पायाने धावायला निघाली आहेस. त्यांना विचारलंस का? मला वाटतं द्राक्षबाग करणाऱ्या माणसाला तुझी परिस्थिती शहरातल्या कोणापेक्षाही जास्त कळेल. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाल्यावर वेलीवर एक घड नसतो. महिनोन्‌महिने बागेतून रुपया येत नाही, उलट खर्च चालूच असतो. तरी तुझे बाबा त्या महिन्यांना वाया गेलेले म्हणत नाहीत, कारण ऑक्टोबर छाटणीनंतर जे घड दिसतात त्यांची सूक्ष्म घडनिर्मिती त्याच उन्हाळ्यात, काडीतल्या डोळ्यात झालेली असते. तेव्हा वेलीला अन्न-पाणी कमी पडलं तर पुढचा हंगाम कितीही राबलं तरी भरत नाही. हे तू लहानपणापासून बघितलंयस.

एखाद्या रविवारी घरी जा आणि दोघांना एकत्र बसवून एमआरआयचा रिपोर्ट दाखव. पाळीचंही आईला सांग. बाबांसमोर बोलायला अवघड वाटत असेल तर आई सांगेल. मग कर्जाचं विचार: किती उरलंय, हप्ता किती, पुढच्या सहा महिन्यांत तू त्यातलं किती उचलू शकतेस. हा आकडा तुला माहीतच नाही असं पत्रावरून वाटतं. आकडा माहीत नसला की माणूस रात्री झोपेत तो वाढवत नेतो. आणि सायकल कुठे पळून गेलेली नाही, ती तुझ्या खोलीत उभी आहे.

इथून नोकरीवर येते. तू "खेळ की नोकरी" असा प्रश्न केलास. मला तो प्रश्नच जरा तपासून बघावासा वाटतो. व्यावसायिक ट्रायथलीट म्हणजे नोकरी न करणारी, चोवीस तास सराव करणारी, अशी तुझी कल्पना दिसते. जगातली वस्तुस्थिती बघ. हवाईतल्या कोनाला झालेल्या 2022 च्या आयर्नमॅन (लांब पल्ल्याची ट्रायथलॉन) जागतिक स्पर्धेत विजेत्याला सव्वा लाख डॉलर मिळाले. मोठी रक्कम आहे, पण ती फक्त पहिल्या क्रमांकाची. क्रमांक खाली गेला की आकडा भराभर घसरतो, आणि प्रवास, सायकल, कोच, फिजिओ हा खर्च सगळ्यांना जवळपास सारखाच. परदेशातही बरेच व्यावसायिक खेळाडू पुरस्कर्ते, इतरांना शिकवणं आणि दुसरं काम यांवर भागवतात. भारतात केवळ ट्रायथलॉनच्या बक्षिसांवर घर चालेल अशी सोय आज नाही. इथले बरेचसे चांगले ट्रायथलीट सेनादलाच्या पगारावर सराव करतात, हे तू नॅशनलला स्वतः पाहिलंयस.

ग्वेन जॉर्गेन्सेन ही अमेरिकन मुलगी अर्न्स्ट अँड यंगमध्ये करसल्ल्याचं काम करत होती. 2010 मध्ये ट्रायथलॉन सुरू केलं, सुरुवातीला ऑफिसच्या आधी आणि नंतर सराव केला, आणि 2016 मध्ये रिओला सुवर्णपदक जिंकलं. बर्म्युडाची फ्लोरा डफी 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये शर्यत पूर्ण करू शकली नाही, त्यानंतर तिने खेळच सोडला, अमेरिकेत शिकायला गेली. परत आली. टोकियोत वयाच्या 33 व्या वर्षी सुवर्ण, तिच्या देशाचं ऑलिंपिकमधलं पहिलंच. तू 24 ची आहेस! या खेळात टिकाव धरायला वर्षं लागतात, आणि ती तुझ्याकडे आहेत, हाडं जपलीस तर.

इतकं लांब कशाला, आपल्याच जिल्ह्यात बघ. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खोदायच्या कामावर जात होता. सैन्यात भरती झाला आणि रोइंग (नौकानयन) त्याला नोकरीत भेटलं. 2016 ला रिओ ऑलिंपिक, 2018 च्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण. नोकरीने त्याचा खेळ हिरावला नाही, नोकरीमुळेच तो मिळाला. आणि नाशिकमध्ये लोक तुला "आयर्नमॅन केलंस का?" असं विचारून हैराण करतात ना, त्यांच्या डोळ्यांसमोर जी माणसं आहेत तीही बघ. अमेरिका आडवी पार करणारी 'रॅम' सायकल शर्यत 2015 मध्ये पूर्ण करणारे महाजन बंधू दोघेही डॉक्टर. 2018 मध्ये फ्रान्समध्ये आयर्नमॅन पूर्ण करणारे रवींद्रकुमार सिंगल तेव्हा नाशिकचे पोलीस आयुक्त. त्यांचा खेळ वेगळा, ध्येय वेगळं. शर्यत पूर्ण करणं हे त्यांचं यश, तुला क्रमांक काढायचाय. पण महिन्याचा पगार घरात असताना माणूस केवढा निश्चिंत होऊन सराव करतो, हे त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे.

म्हणून शाळेची नोकरी नाकारू नकोस, घाईने स्वीकारूही नकोस. जाऊन बोल. वेळ किती ते विचार. सकाळची शाळा असेल तर पोहण्याचा सराव संध्याकाळी न्यावा लागेल. स्पर्धांसाठी वर्षाला किती रजा मिळेल ते विचार आणि नेमणूकपत्रात लिहून माग, तोंडी शब्दावर राहू नकोस, मुख्याध्यापक बदलले की तोंडी शब्द जातो. दिवसभर मैदानात उभं राहायचं काम असेल तर पाय भरेपर्यंत ते जमणार नाही, हे आधीच सांग. पोहण्याचे तास जास्त आणि मैदानाचे कमी, असं मागून बघ. कायम नेमणुकीसाठी बीपीएड ही शारीरिक शिक्षणाची पदवी लागेल, त्याचाही विचार याच काळात होऊ शकतो. दुसरीकडे, महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. कोणत्या स्पर्धेतला कोणता क्रमांक चालतो हे शासन निर्णयात लिहिलेलं असतं. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा, ताजा निर्णय वाचून घे आणि आहेत त्या प्रमाणपत्रांची पडताळणी आत्ताच करून ठेव. भरतीची जाहिरात आल्यावर धावाधाव करणाऱ्या किती मुलांच्या संधी या एका कागदापायी हुकतात!

"स्पर्धा नसली की मी कोणीच नसते" हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. वर्षातले स्पर्धेचे दिवस मोज, हाताच्या बोटांवर मावतात. बाकीचे सगळे दिवस स्पर्धेबाहेरचे. त्या दिवसांत तू जेवतेस, झोपतेस, सायकलची साखळी पुसतेस, लहान मुलांना तलावात पाय मारायला शिकवतेस, तेही तुझ्याच आयुष्यात मोडतं. पुढचे दोन महिने स्ट्राव्हा, ते एकमेकांचा सराव दाखवणारं अॅप, फोनवरून काढून टाक. तुझ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी इतरांचे किलोमीटर येतात, तो ग्रुप म्यूट कर. ज्या मैत्रिणीला पेस (धावण्याचा वेग) आणि वॉट (सायकलवरची ताकद) यातलं काही कळत नाही अशा एखादीला भेट, तुझ्या पत्रात अशी एकही मैत्रीण नव्हती. आणि खूप उदास वाटत राहिलं, झोप उडाली, खाण्याचा विचार दिवसभर डोक्यातून जाईना, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा समुपदेशकाकडे जा. खाण्याची भीती वाटू लागणं हाही आजार आहे आणि तो बरा होतो.

कोचशी बोलताना भांडू नकोस. रिपोर्ट आल्यावर ते समोर ठेवून सांग की या नॅशनलला मी नाही, पुढच्याची योजना करू, आणि वजनाचं लक्ष्य माझ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ठरवायचं नाही. चांगला कोच क्षणभर नाराज होईल आणि मग वही उघडेल. पाळीचं त्यांच्याशी बोलायला लाज वाटते असं लिहिलंस. खरंच अवघड आहे. आपल्याकडे बहुतेक कोच पुरुष, मुली गावाकडून आलेल्या. तरी निदान एवढं सांग की "हार्मोनचा प्रश्न आहे, डॉक्टर बघताहेत." त्यावरही त्यांनी दोन किलोंचाच धोशा लावला, तर कोच बदलायचा विचार करायला हरकत नाही.

हे वाचणाऱ्या कोचना आणि पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. मुलीच्या सकाळच्या नाडीची नोंद तुम्ही ठेवता, तशी पाळीची नोंद तिने ठेवावी असं बघा. वही तिच्याकडेच राहू दे, आई, ताई किंवा फिजिओ यांपैकी एका बाईला ती दाखवता आली तरी पुरे. तीन महिने चुकली की सराव कमी, ताट मोठं आणि डॉक्टर, या क्रमाने. आणि "बारीक झालीस, छान दिसतेस" हे वाक्य खेळणाऱ्या मुलीला म्हणू नका.

तुझे रक्ताचे आणि डेक्साचे रिपोर्ट आले की मला लिही. शाळेने रजेबद्दल काय सांगितलं तेही कळव, नेमणूकपत्रावर सही करण्याआधी.